ताजिकिस्तानच्या वाटा



नकाशावर मुंबई आणि दिल्ली यांमधील अंतर मोजून तितकीच एक सरळ रेषा दिल्लीपासून वायव्येस ओढली व ती आणखी थोडीशी लांबविली, तर तिचें टोंक ताजिकिस्तान देशाची राजधानी जी दुशान्बे, तिच्यावर जाऊन पडतें. हें अंतर साडेतेराशें किलोमीटरांच्या आसपास भरतें. आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून लंडन आणि न्यूयॉर्क येथें कसें जावें हें मुलांनाही पाठ असतें. परंतु पंजाब आणि हिंदुकुश ओलांडतांच लागणाऱ्या या देशांत जावयाचें कसें, असें विचारल्यास मोठीं माणसेंही क्षणभर थबकतील. त्यांत त्यांचा दोष नाहीं. खुद्द त्या देशांतील रहिवाशांना आपल्या राजधानीहून आपल्याच दुसऱ्या शहरीं जावयाचें कसें, हा प्रश्न अगदीं परवांपर्यंत पडत असे. त्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

प्रथम या देशाचा आकार ध्यानीं घ्यावा. क्षेत्रफळ सुमारें १,४२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक भूमि डोंगराळ आहे, आणि जवळ जवळ निम्मी तीन हजार मीटरांहून उंच. आपलें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर उंच आहे. ताजिकिस्तानांत ज्या खिंडींतून मोटारींना रोज जा-ये करावी लागे, त्या खिंडी याच्या दुपटीहून उंच होत्या. पण नुसती उंची सांगून या देशाची अडचण उमगणार नाहीं. त्याची रचनाच विलक्षण आहे. उत्तरेस सिर दर्या नदीच्या कांठीं खुजंद शहर व फरगाना खोऱ्याचें तोंड, हा एक भाग. त्याच्या दक्षिणेस तुर्कस्तान पर्वताची रांग; ती उतरलें कीं झरफशान नदीचें चिंचोळें खोरें, हा दुसरा. मग झरफशान व हिसार या आणखी दोन रांगा. त्यांच्यापलीकडे दुशान्बे आणि कापूस पिकविणारीं सखल खोरीं, हा तिसरा. आणि पूर्वेस पामीरचा बदख्शान प्रांत, हा चौथा. देशाची जवळ जवळ निम्मी भूमि याच्या वांट्यास आली आहे आणि लोकवस्ती मात्र अगदीं विरळ. एखाद्या घरांत चार खोल्या असाव्यात, पण एकीतून दुसरींत जावयास दार नसावें. प्रत्येक खोलीचें दार बाहेरच्या अंगणांत उघडावें, आणि तें अंगणही शेजाऱ्याच्या मालकीचें असावें, तशी ही रचना आहे. खुजंदचें दार ताश्कंद व फरगाना यांकडे उघडतें, झरफशानचें समरकंदकडे, दुशान्बेचें तेर्मिझकडे आणि पामीरचें ओश या शहराकडे. ताश्कंद, समरकंद आणि तेर्मिझ हीं तिन्ही आज उझबेकिस्तानांत आहेत आणि ओश किर्गिझस्तानांत.

जोंवर अंगणांत कुंपणें नव्हतीं, तोंवर या रचनेचें कोणास फारसें दुःख नव्हतें. व्यापारी अंगणांतून फिरत. खोल्यांमधल्या भिंती चढून जाण्याचा प्रसंग येई तो बहुधा पळून जाणाऱ्यांवर. अशा एका पळणाऱ्याचा वृत्तांत आपणांस त्याच्याच लेखणींतून उपलब्ध आहे, आणि तो पुरुषही आपल्या परिचयाचा आहे. इ. स. १५०० सालीं बाबर सतरा वर्षांचा होता. फरगानाचें वडिलार्जित राज्य डळमळलेलें, समरकंद हातचें गेलेलें, सोबत थोडे लोक. हिसारच्या प्रदेशांतून निघून कामरूद नदीच्या दरीनें तो उत्तरेकडे चढला. ती वाट इतकी अरुंद आणि इतकी उभी होती कीं कित्येक घोडे आणि उंट मागें टाकून द्यावे लागले, असें तो आपल्या आत्मचरित्रांत नमूद करतो. त्या खिंडीइतकी बिकट खिंड आपण कधीं पाहिली नव्हती अशीही कबुली देतो. पुढें तो फान प्रदेशांत उतरला, आणि त्याच वर्षीं त्यानें समरकंद पुन्हां जिंकलें. तें फार दिवस टिकलें नाहीं, हा भाग निराळा. नंतरच्या एका भ्रमंतींत वरच्या झरफशान खोऱ्यांतील आबबुरदान गांवीं एका झऱ्याजवळच्या शिळेवर त्यानें फारसी काव्यपंक्ति कोरविल्या. बाबराची ही वाट ज्या दऱ्यांतून गेली, त्यांच्याच शेजारून आजचा दुशान्बे-खुजंद राजमार्ग जातो. पांचशें वर्षांनंतर तेथून मालमोटारी नेऊं पाहणाऱ्यांच्या अडचणी बाबराच्या अडचणींहून फार निराळ्या नव्हत्या.

आतां पामीरकडे वळूं. हें एखाद्या पर्वताचें नांव असावें असा आपला समज असतो. तेथील लोक मात्र हिमशिखरांच्या मधोमध पसरलेल्या उंच, रुंद, गवताळ दरीला ‘पामीर’ म्हणतात. थोरलें पामीर, धाकटें पामीर, अलिचुर पामीर अशीं अनेक पामिरें आहेत. इ. स. ६४४ च्या सुमारास ह्युएनत्संग हिंदुस्थानांतून मायदेशीं परततांना याच मार्गानें गेला. तेराव्या शतकांत मार्को पोलो येथून गेला. बारा दिवस घोड्यावरून चालावें तरी वस्ती लागत नाहीं, थंडीमुळें अग्नि नेहमींसारखा तेजानें जळत नाहीं आणि अन्न नीट शिजत नाहीं, असें त्यानें सांगून ठेवलें आहे. अन्न न शिजण्याचें खरें कारण थंडी नसून विरळ हवा हें होय, कारण तेथें पाणी कमी उष्णतेवरच उकळूं लागतें. पण निरीक्षण मात्र बिनचूक होतें. तेथील मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्याचें त्यानें वर्णन केलें, आणि आज तो मेंढा त्याच्याच नांवानें ओळखला जातो.

पश्चिम पामीरमधील दऱ्या मात्र अशा रुंद नाहींत. तेथें पंज आणि बरतांग या नद्या कड्यांच्या फटींतून वाहतात, आणि कड्याच्या अंगावरून वाट काढावयाची तर ती टांगावी लागते. अशा टांगलेल्या वाटेला तिकडे ‘ओवरिंग’ म्हणत. खडकाच्या भेगांत लांकडी मेखा ठोकावयाच्या, त्यांवर फांद्या आंथरावयाच्या, वर सपाट दगड आणि माती पसरावयाची, कीं झाली वाट. पावलाखालीं ती हाले. फटींतून खालचें पाणी दिसे. कित्येक ठिकाणीं गाढवालाही जातां येत नसे, तेव्हां ओझीं माणसांच्या पाठीवर चढत. नदी ओलांडावयाची तर फुगविलेल्या कातड्यांवर पोट टेकून. आजारी मनुष्यास वैद्याकडे नेणें किंवा नवरी सासरीं पोंचविणें हेंही याच वाटेनें. आपण प्रवासवर्णनांतून अशा वाटा वाचून रोमांचित होतों. पण जो मनुष्य मिठाचें पोतें पाठीवर घेऊन वर्षांतून चार वेळां तेथून जात असेल, त्याला त्यांत रोमांचकारक असें कांहीं वाटत नसावें.

एकोणिसाव्या शतकांत येथें एक पाहुणा मुंबईच्या बाजूनें आला. जॉन वुड हा इंडियन नेव्हीचा लेफ्टनंट. या आरमाराचें मुख्य ठाणें मुंबईस होतें. सिंधु नदीवर आगबोट चालविण्याचा अनुभव असलेला हा दर्यावर्दी बर्न्स याच्या वकिलातीबरोबर काबूलला गेला व तेथून अमूदर्येचें मूळ शोधावयास निघाला. अमूदर्या म्हणजे ग्रीकांची ऑक्सस; आपल्या संस्कृत ग्रंथांतील वक्षु ती हीच असें पंडित मानतात; पंज ही तिची वरची धार. वुड निघाला तो ऐन हिंवाळ्यांत. नदी गोठली होती, आणि उन्हाळ्यांत जी वाट अडविते तीच हिंवाळ्यांत वाट होते, हें त्याच्या पथ्यावर पडलें. बऱ्याच ठिकाणीं त्यानें बर्फावरूनच मार्ग काढला. १८३८ च्या फेब्रुवारींत तो झोरकूल सरोवराच्या कांठीं उभा राहिला. त्यानें सरोवराची खोली मोजावी म्हणून बर्फ फोडण्याचा उद्योग आरंभिला. परंतु विरळ हवेंत कुऱ्हाडीचे थोडे घाव घालतांच माणसें धापा टाकीत बसत. उंची मोजण्यास त्याजवळ साधन होतें तें पाणी उकळण्याचें. त्यावरून त्यानें १५,६०० फूट हा आंकडा काढला. आजच्या मोजणीप्रमाणें सरोवर सुमारें ४,१३० मीटर, म्हणजे साडेतेरा हजार फुटांवर आहे. दोन हजार फुटांची चूक झाली खरी, पण तशा थंडींत पाणी उकळविणें हेंच मोठें काम होतें. ‘बाम-इ-दुनिया’, म्हणजे जगाचें छप्पर, हें तेथील लोकांच्या तोंडचें नांव युरोपांत रूढ होण्यास वुडचें पुस्तकही कारण झालें.

याच काळांत उलट दिशेनेंही एक वाट वाहती होती, आणि तिचें टोंक मुंबईंत होतें. पश्चिम पामीरमधील शुग्नान वगैरे भागांचे रहिवासी बहुतांशीं इस्मायली पंथाचे. त्यांचे इमाम पहिले आगाखान १८४० च्या दशकांत इराण सोडून हिंदुस्थानांत आले, पुढें मुंबईस स्थायिक झाले आणि १८८१ सालीं निवर्तले; माझगांवच्या हसनाबादेंत त्यांची कबर आहे. त्यामुळें पामीरच्या त्या टांगत्या वाटांवरून निघालेले कांहीं अनुयायी हिंदुकुशाच्या खिंडी ओलांडीत, धार्मिक भेट घेऊन, महिनोन् महिने प्रवास करून मुंबईच्या बंदरापर्यंत येत. समुद्र त्यांनीं तेथेंच प्रथम पाहिला असेल. १९२३ सालीं तिसऱ्या आगाखानांनीं पीर सबझअली यांना उलट वाटेनें, चित्रळवरून, मध्य आशियांतील अनुयायांकडे धाडलें. पुढें थोड्याच वर्षांत ही वाट बंद पडली, आणि ती डोंगरानें बंद केली नव्हती.

बंद होण्याचें मूळ १८७३ सालच्या एका करारांत आहे. रशिया उत्तरेकडून आणि इंग्रज दक्षिणेकडून सरकत होते. मध्यें कांहीं अंतर असावें म्हणून लंडन आणि सेंट पीटर्सबर्ग येथील मुत्सद्द्यांनीं पंज नदी ही अफगाणिस्तानची सीमा ठरविली. नदी ही सीमा म्हणून नकाशावर फार सोयीची दिसते. पण डोंगराळ मुलखांत लोक नदीच्या दोन्ही कांठांवर एकच गांव वसवून राहतात. शेत अलीकडे, कुरण पलीकडे, मुलगी समोरच्या तीरावर दिलेली. शुग्नी, वाखी, इश्काशिमी या भाषा बोलणारे लोक एका रात्रींत दोन राज्यांचे झाले असें म्हणतां येणार नाहीं, कारण आरंभीं कांहीं दशकें ती सीमा कोणी फारशी मानली नाहीं. १८९१ मध्यें रशियन कर्नल यानोव्ह यानें कॅप्टन यंगहजबंड याला पामीरमधून निघून जावयास लाविलें, तेव्हां दोन साम्राज्यांत युद्धाचा रंग दिसूं लागला; १८९५ च्या सीमा-मंडळानें झोरकूलपासून चीनच्या हद्दीपर्यंत उरलेली रेषा आंखली, आणि दोन साम्राज्यांनीं एकमेकांना भिडूं नये म्हणून वाखानची चिंचोळी पट्टी अफगाणिस्तानच्या गळ्यांत बांधली. ही पट्टी कांहीं ठिकाणीं पंधरा किलोमीटरांच्या आसपास रुंद आहे. ती रेषा कुलुपासारखी लागली ती मात्र १९३० च्या दशकांत, सोव्हिएट पहारे बसल्यावर. त्यानंतर एकाच नदीच्या दोन तीरांवरील भाऊबंदांनीं एकमेकांस दुरून पाहावें, हांक मारूं नये, अशी स्थिति दोन पिढ्यांहून अधिक काळ राहिली.

सोव्हिएट राजवटीनें दार बंद केलें तसे रस्तेही बांधले, हें निःपक्षपातानें सांगितलें पाहिजे. १९२४ सालीं मध्य आशियाची वांटणी झाली, तेव्हां ताजिक भाषा बोलणारीं समरकंद व बुखारा हीं मोठीं शहरें उझबेकिस्तानकडे गेलीं. ताजिकांच्या राजधानीसाठीं उरलें तें सोमवारीं बाजार भरणारें एक लहानसें गांव. ‘दुशान्बे’ या फारसी शब्दाचा अर्थच सोमवार. सामान तेथें तेर्मिझहून उंटांवर लादून आणावें लागे. १९२९ सालीं तेर्मिझकडून आगगाडी आली, त्याच वर्षीं खुजंदचा भाग जोडून ताजिकिस्तान स्वतंत्र घटकराज्य झालें, आणि गांवाचें नांव स्तालिनाबाद ठेवण्यांत आलें. तें १९६१ पर्यंत चाललें. मग सोमवार परत आला.

पामीरमध्यें १९३१ ते १९३४ या काळांत ओशपासून खोरोगपर्यंत सातशें किलोमीटरांहून लांब मोटाररस्ता झाला. तो अक-बाइताल, म्हणजे ‘पांढरी घोडी’, या ४,६५५ मीटर उंचीच्या खिंडीवरून जातो. ज्या प्रवासाला काफिल्यांना कित्येक आठवडे लागत, तो आतां थोड्या दिवसांवर आला. १९४० सालीं सामूहिक शेतीवरील हजारों शेतकऱ्यांना कामास लावून स्तालिनाबादहून खोरोगपर्यंतचाही रस्ता झाला, परंतु वाटेंतील खाबुराबोत खिंड हिंवाळा लागतांच बर्फानें बुजे व महिनोन् महिने बंद राही. म्हणून पामीरचें धान्य, कोळसा आणि तेल हीं सर्व पूर्वेकडून, ओशच्याच वाटेनें येत.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. हे सर्व मार्ग उत्तम होते, पण ते त्या चार खोल्यांना एकमेकींशीं जोडीत नव्हते. ते प्रत्येक खोलीला मॉस्कोशीं जोडीत होते. दुशान्बेहून खुजंद पक्ष्याच्या वाटेनें सुमारें २०० किलोमीटर. पण आगगाडीनें जावयाचें तर आधीं नैऋत्येस तेर्मिझकडे जाऊन, मग समरकंदवरून उझबेकिस्तानांतून मोठा वळसा घालून खुजंदला यावें लागे. मोटाररस्ता होता तो अंझोब आणि शाहरिस्तान या दोन खिंडींवरून. दोन्हीं ३,३७० मीटरांहून उंच, दोन्हीं हिंवाळ्यांत बंद. तरी कोणी तक्रार केली नाहीं. कारण गाडी उझबेकिस्तानांत शिरली आणि बाहेर पडली, हें प्रवाशाला खिडकींतून कळतही नसे. राज्यांच्या सीमा त्या वेळीं केवळ नकाशांतील रंगांपुरत्या होत्या.

९ सप्टेंबर १९९१ रोजीं ताजिकिस्तान स्वतंत्र झाला आणि हे रंग एकाएकीं भिंती होऊन उभे राहिले. पुढच्याच वर्षीं यादवी पेटली. ती २७ जून १९९७ च्या तहापर्यंत चालली. या युद्धांत पामीरचे काय हाल झाले हें पाहावें म्हणजे रस्ता या शब्दाचा अर्थ कळतो. दुशान्बेकडील मार्ग लढाईनें तुटला. तिकडून जीव घेऊन पळालेलीं हजारों माणसें डोंगरांत परतलीं. आणि ज्या मॉस्कोच्या कोठारांतून ओशमार्गें धान्य येई, तें कोठारच उरलें नाहीं. त्या प्रांताची वस्ती दोन लाखांच्या घरांत, आणि जमीन अशी कीं दरीच्या तळाशीं चटईएवढीं शेतें. उंच पठारावर कोळसा येईना, तेव्हां लोकांनीं ‘तेरेस्केन’ नांवाचें खुरटें झुडूप मुळासकट उपटून जाळलें. तें पुन्हां उगवण्यास कित्येक वर्षें लागतात, हें जाळणाऱ्यांनाही ठाऊक होतें.

सुटकेचा उरलेला मार्ग आकाशांतला. खोरोगचें विमान दरींतून, कड्यांना पंख लागतील कीं काय अशा बेतानें उडत असे. सोव्हिएट वैमानिकांत हा मार्ग अत्यंत अवघड म्हणून प्रसिद्ध होता. २८ ऑगस्ट १९९३ रोजीं खोरोगहून निघालेल्या याक-४० जातीच्या लहान विमानांत बसण्याच्या जागा अठ्ठावीस होत्या. सशस्त्र माणसांनीं बंदुकीच्या धाकानें वैमानिकाला भाग पाडून त्यांत एक्यायशीं प्रवासी चढविले. विमान धांवपट्टीवरून उठलेंच नाहीं. पुढें जाऊन नदीच्या पात्रांत कोसळलें. शाहायशींपैकीं ब्याऐंशीं जीव गेले. चढणाऱ्यांना धोका दिसत नव्हता असें नव्हे. मागें राहण्याचा धोका त्यांना अधिक वाटला.

त्याच वर्षीं आगाखान प्रतिष्ठानानें ओशहून मालमोटारींनीं धान्य पाठविण्यास आरंभ केला. साठ वर्षांपूर्वीं ज्या राजवटीनें मुंबईची वाट बंद केली, तिनेंच बांधलेल्या रस्त्यावरून आणि अक-बाइतालच्या त्याच खिंडीवरून हें पीठ खोरोगला पोंचलें. पुढचीं कित्येक वर्षें त्या प्रांताचा मोठा भाग या धान्यावर जगला. १९९५ च्या मे महिन्यांत चौथे आगाखान तेथें आले. मुंबईंत ज्यांच्या आजे-पणज्यांनीं पूर्वजांची भेट स्वीकारली होती, तो पुरुष आतां स्वतः चालून आला, हें पाहण्यासाठीं पंज नदीच्या पलीकडच्या अफगाण तीरावरही लोक जमले होते.

तिकडे उत्तरेस वेगळा छळ सुरू होता. उझबेकिस्तानशीं बेबनाव वाढत गेला. दुशान्बे-ताश्कंद विमानें १९९२ सालींच बंद पडलीं होतीं. २००० च्या सुमारास प्रवेशपत्राचें बंधन आलें आणि सीमेवर कित्येक ठिकाणीं सुरुंग पेरले गेले. त्यांवर पाय पडून मेले ते बहुतेक गुराखी आणि सरपण गोळा करणारे. वख्श नदीवरील रोगून धरणाच्या वादांत २०१० सालीं शेंकडों मालडबे उझबेक हद्दींत अडकून राहिले. झरफशान खोऱ्यांतील पंजाकेंत गांवाहून समरकंद साठ-एक किलोमीटरांवर. शतकानुशतकें लोक तेथें बाजारास जात, पण तीही चौकी बंद झाली. वास्तविक पंजाकेंत म्हणजे प्राचीन सोग्दी व्यापाऱ्यांचें नगर. चीनपर्यंत ज्यांचे काफिले जात, त्यांच्या गांवच्या लोकांना आतां शेजारच्या शहरीं जाण्याची चोरी झाली.

मग भिंतींतच दारें पाडणें प्राप्त झालें. अंझोब खिंडीखालीं पांच किलोमीटर लांबीचा बोगदा इराणच्या साहाय्यानें २००६ सालीं खुला झाला. त्याला ‘इस्तिक्लोल’, म्हणजे स्वातंत्र्य, असें नांव दिलें. नांव सुंदर, पण बोगदा अर्धवट. आंत दिवे नव्हते, हवा खेळती ठेवण्याचीं यंत्रें नव्हतीं, छतांतून पाणी गळत होतें, रस्त्यावरील खड्डे त्या पाण्यांत बुडाले होते, आणि मध्येंच एखादी मालमोटार बंद पडली कीं मागच्या गाड्यांचा धूर आंतच कोंडत असे. लोक त्याला मृत्यूचा बोगदा म्हणूं लागले. तरीही ते त्यांतूनच जात. कारण वरच्या खिंडीवर हिमकडे कोसळत आणि वाट उन्हाळ्यापर्यंत उघडत नसे. पुढें कित्येक वर्षें काम चालून तो नीट झाला. २०१२ सालीं चिनी कंपनीनें बांधलेला सव्वापांच किलोमीटरांचा शाहरिस्तान बोगदा खुला झाला, आणि दुशान्बे-खुजंद हा प्रवास वर्षाचे बाराही महिने, परक्या भूमीवर पाऊल न टाकतां, इतिहासांत प्रथमच शक्य झाला. २०१६ सालीं वहदत ते योवोन हा लहानसा लोहमार्ग डोंगर पोखरून पुरा झाला, तेव्हां दुशान्बेहून दक्षिणेच्या कुलोबला जाणारी गाडीही परदेशांतून जाण्याची थांबली. या कामांसाठीं देशानें परक्यांचें, विशेषतः चीनचें, मोठें कर्ज डोक्यावर घेतलें आहे. तो सौदा कितपत शहाणपणाचा, याविषयीं मतभेद होऊं शकेल. परंतु तो टीकाकारांनीं जानेवारींत अंझोबच्या पायथ्याशीं बसून ठरवावा.

भिंतींतून दारें झाल्यावर अंगणाचीं कुंपणेंही हळूहळू निघूं लागलीं. ताश्कंदचें विमान पंचवीस वर्षांनीं, २०१७ च्या एप्रिलांत, पुन्हां उडालें. २०१८ च्या मार्चमध्यें पंजाकेंतची चौकी उघडली व प्रवेशपत्राची अट गेली. लोक पायींच समरकंदकडे निघाले, कित्येकांना बहिणी आणि मामे भेटावयाचे होते. किर्गिझस्तानशीं मात्र याच सुमारास बिघडलें. एप्रिल २०२१ आणि सप्टेंबर २०२२ मध्यें सीमेवर रक्तपात झाला, आणि दोहोंमधील वाहतूक बंद पडली. १३ मार्च २०२५ रोजीं दोन्ही देशांच्या अध्यक्षांनीं बिश्केक येथें सीमेचा करार केला, तेव्हां चौक्या पुन्हां उघडल्या.

पंज नदीवरही पूल झाले. खोरोगजवळ तेम येथें २००२ सालीं, दरवाझला २००४ सालीं, इश्काशिमला २००६ सालीं. आणि खालच्या सखल भागांत अमेरिकेच्या पैशानें २००७ सालीं बांधलेला मोठा पूल. तेम आणि इश्काशिम येथें पुलाजवळ शनिवारचा सामायिक बाजार भरूं लागला. तेथें अफगाण तीराकडची माणसें आणि ताजिक तीराकडची माणसें एकच भाषा बोलत घासाघीस करीत. लिपि मात्र एकांची अरबी, दुसऱ्यांची रशियन, त्यामुळें पाटीवर लिहिलेला भाव दोघांपैकीं एकालाच वाचतां येई. पलीकडील राजकीय उलथापालथीबरोबर हे बाजार अनेकदां बंद झाले.

आज मुंबईहून निघालेल्या प्रवाशाला दुशान्बेपर्यंत विमान नेतें. खोरोगला जावयाचें तर दुशान्बेंतील मोटारतळावर पहांटे जावें. तेथें उंच चाकांच्या मोटारी उभ्या असतात. सर्व जागा भरेपर्यंत चालक निघत नाहीं. प्रवास बराचसा पंज नदीच्या कांठाकांठानें होतो आणि वाट चांगली असली तर मध्यरात्रीपूर्वीं संपतो. नदीच्या पलीकडे, हांकेच्या अंतरावर, अफगाण गांवें दिसत राहतात. कांहीं वर्षांपूर्वींपर्यंत त्या तीरावर कड्याला टांगलेली जुनी वाट तासन् तास मोटारीबरोबर चालत असे, आणि तिच्यावरून कोणीतरी ओझें लादलेलें गाढव पुढें घालून, सावकाश, त्याच दिशेनें जात असे.